आधी आलेलं आधी

शिवलिंगाचा फंड माझ्या नावावर झाला
तेव्हा तारखा मात्र त्याच्याच राहिल्या.
खातेउताऱ्यात प्रत्येक महिन्याची सात,
दोन हजार, दोन हजार, दोन हजार.
लातूरला पाणी रेल्वेनं आलं त्या उन्हाळ्यातही
घागरी रांगेत होत्या,
हप्ता रांगेत नव्हता.

फरहीन पटेल, सीए, गंजगोलाईमागे दुसरा मजला,
पंखा बंद करून कागद पसरते.
"काका, वारसानं आलेल्या युनिटची किंमत
ज्यानं घेतलं त्याचीच धरायची.
तारीखही त्याचीच."
चाळीस वर्षं मी आडतीत दिवाणजी,
मेलेल्या माणसाचा भाव चालू धरणारं खातं
पहिल्यांदा बघितलं.

ती म्हणाली, हा फंड म्हणजे तोंड शिवलेलं पोतं.
आत पन्नास कंपन्या, ज्याच्या त्याच्या वजनानं.
आतली एखादी किडली
तर तोटा आतल्या आत मुरतो, तुमच्या कामी येत नाही.
टाके उसवा.
तेच पन्नास दाणे, त्याच मापानं
आपल्या सुपात घ्या.
पण एकदम नको. एकदम उसवलं की कर लागतो.
दर मार्चला सव्वा लाखाचा नफा निघेल
एवढेच टाके. तेवढा माफ.

हिशोब केला. पाच वर्षं.
मी सत्तर.
घाई शिवलिंगाला असायची,
विजेच्या खांबावर चढताना
खालून ओरडावं लागायचं.

इंदुमती ज्वारी निवडता निवडता विचारते,
"तेच विकायचं, तेच घ्यायचं,
मग काय निवडत बसलालाव?"
मी वही पुढं करतो :
या महागड्या कंपनीचा वाटा येतो दीड शेअर,
आणि अर्धा शेअर कुणी देत नाही.
ती चष्म्यावरून बघते.
"एकच घ्या. अर्ध्याचे पैसे माझ्या दाढेला द्या."

पहिल्याच वर्षी एका रंगाच्या कंपनीचा भाव बसला.
फरहीनचा फोन, आवाजात सण :
"काका, तोटा झाला!"
विकला. त्या तोट्याएवढा नफा
आणखी काढता आला,
पोत्याचे चार टाके जास्त उसवले.
आमच्या आडतीत तोट्याला
एवढ्या प्रेमानं कुणी हाक मारली नव्हती.

यादीत सिगारेटवाली कंपनी आली.
तिच्यापुढं मी शून्य लिहिलं.
"मग निर्देशांकापासून थोडं हलेल,"
फरहीननं पेन्सिल फिरवली.
शेवटच्या चार महिन्यांत शिवलिंगाला आवाज नव्हता.
गळ्याला नळी, उशाशी पाटी.
खडूनं लिहून विचारायचा :
सात तारीख. हप्ता गेला का?
हे मी फरहीनला सांगितलं नाही.
तिनं शून्य तसंच ठेवलं.

"आणि काका, कायदा असा आहे :
जे युनिट आधी आलं, तेच आधी जाणार.
मधलं उचलता येत नाही."
मी मान हलवली.
मी चोपन्नचा.
शिवलिंग एकसष्टचा.

दुसऱ्या मार्चला उसवत उसवत
आम्ही त्या रेल्वेच्या उन्हाळ्याशी आलो.
पुढची ओळ, सात एप्रिल दोन हजार सोळा.
त्या दिवशी तो दोन कळशा सायकलला बांधून आला होता,
एक आमची,
आणि येतानाच बँकेत डोकावून.

"इथं थांबू या वर्षी," मी म्हटलं.
फरहीननं यंत्रावर बोटं मारली.
"माफीतले अकराशे अजून शिल्लक आहेत, काका.
पुढच्या वर्षात नेता येत नाहीत. वाया जातील."
"जातील," मी म्हटलं,
कागद गोळा केले,
आणि पंखा लावला.